ट्रॅक्टरच्या जुन्या टायरातलं पाणी काढायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं वावर दर्यापूरच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथं जमीन आणि जमिनीखालचं पाणी खारं. ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, आणि चाक घसरू नये म्हणून वजनासाठी मागच्या टायरात पाणी कधी भरलं होतं ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही. ते पाणी काढताना जे शिकलो आणि नंतर गावातल्या दहा जणांनी जे विचारलं ते सगळं इथं एका ठिकाणी लिहून ठेवतो. बऱ्याच जणांना हे काम पंक्चर काढण्याएवढं सोपं वाटतं, तसं ते नाही, चाकात दोन-अडीच क्विंटल वजन लटकलेलं असतं आणि त्याखाली आपला हात जातो, म्हणून घाई असेल त्या दिवशी याला हात लावू नका.

माह्या टायरात पाणी हाये का नाई, कसं वळखू?

ट्रॅक्टर हळूहळू पुढं घ्या आणि वॉल्व्ह खालच्या बाजूला, जमिनीकडं आला की थांबा. टोपण काढून वॉल्व्हच्या आतली पिन काडीनं जराशी दाबा, पाण्याची पिचकारी आली तर पाणी आहे. तोंड बाजूला ठेवा, कारण आतलं पाणी हवेच्या दाबाखाली असतं आणि डोळ्यात गेलं तर लय जळजळते. दुसरी खूण म्हणजे पान्यानं टायरवर ठोकून पहा, पाण्याच्या जागी बद्द आवाज येतो आणि वर हवेच्या जागी टणटण. एखाद्याच टायरात पाणी असलेला ट्रॅक्टरही मी पाहिला आहे, नांगराला जोडला की एका अंगाला ओढायचा आणि मालक सहा महिने स्टिअरिंगला दोष देत होता.

भरलेलं पाणी काढाचं कायले? वजन तं चांगलंच असते ना?

वजन चांगलं असतं, पण ज्या कामाला पायजे त्याच कामाला. तूर-हरभरा निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये पलटी नांगर लावला की काळ्या कडक जमिनीत मागची चाकं जागच्या जागी फिरतात, तेव्हा पाण्याचं वजन कामाचं. पण नंतर तोच ट्रॅक्टर जूनमध्ये पेरणीला जातो, जुलैत सोयाबीनमध्ये फवारणीला जातो, आणि वाफसा नीट आलेला नसला तरी आपण घाईत वावरात घालतो. आपली भारी काळी जमीन ओली असताना जड चाकाखाली दबते ती लय खोलवर दबते, वरून वखर मारून भुसभुशीत दिसते पण खाली कडक थर तसाच राहतो आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, सोटमूळ तिथं जाऊन आडवं वळतं. उपटलेल्या पऱ्हाटीचं मूळ कधी नीट पहा, चाकोरीतल्या आणि मधल्या झाडात फरक दिसतो.

रोडवर ट्रॉली ओढताना तेच पाणी डिझेल खातं आणि टायरच्या गुड्ड्या, म्हणजे वर आलेले रबरी दात, झिजवतं. शिवाय टायर जुना असला, कडेला भेगा पडलेल्या असल्या, ट्यूब कुठं पाझरत असली तर पाणी ट्यूबच्या बाहेर येऊन टायर आणि रिमच्या मधे साचतं आणि रिम आतून खाते. बाहेरून रंग चकाचक असतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. ट्रॅक्टर विकायचा असेल, टायर बदलायचा असेल, एक्सलचं सील बदलायला चाक काढायचं असेल तरी आधी पाणी काढणं आलंच.

एका टायरातून किती पाणी निघते?

आपल्याकडं जास्त चालणारा १३.६-२८ चा टायर तीन चतुर्थांश भरलेला असेल तर साधारण दोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे डिझेलचा एक मोठा ड्रम. १६.९-२८ असला तर तीनशेच्या घरात. पाण्याचं लिटर म्हणजे किलोच, त्यामुळं दोन्ही टायर मिळून चार क्विंटलपेक्षा कमी समजू नका.

आत साधं पाणी हाये का मिठाचं, हे कसं समजन?

हा प्रश्न लय महत्त्वाचा आणि लोक विचारतच नाहीत. थंड देशात टायरातलं पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्यानं वजनही वाढतं पण लोखंड झपाट्यानं गंजतं. काही जण कूलंट पण घालतात. आपल्याकडं गोठायचा प्रश्न नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरला पारा ३.५ अंशावर आला होता तेव्हासुद्धा पाणी गोठण्याच्या वरच होता, म्हणून विदर्भात कोणी असलं काही घालायची गरजच नाही. पण जुना ट्रॅक्टर कुठून कुठून फिरून आलेला असतो, कोणी काय घातलं असेल ते आपल्याला माहीत नसतं.

आणि आमच्या पट्ट्यात मुद्दाम मीठ घालायचीही गरज नाही, बोअरचंच पाणी खारं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा तुम्हाला माहीतच आहे, त्या बोअरचं पाणी टायरात भरलं की ते मिठाचंच पाणी झालं.

मी असं करतो, चहाच्या काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेतो आणि त्यातले चार थेंब स्टीलच्या ताटलीत टाकून उन्हात ठेवतो. साधं पाणी वाळलं की पुसट डाग राहतो. खारं असेल तर पांढरी खरबरीत पपडी राहते, नखानं खरवडून निघते. कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते वाळता वाळत नाही, हवेतली ओल ओढून घेतं, बोटाला चिकट-ओलं लागत राहतं. हिरवट, निळसर किंवा गुलाबी रंग आणि बुळबुळीत हात लागला तर कूलंट समजा. चव घेऊन पाहू नका, कोणाला पाहू देऊ नका. माझ्या टायरातलं पाणी कडक चहासारखं तांबडं निघालं होतं आणि वास कुजलेल्या रबरासारखा. सदऱ्यावर उडालेले ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

सामान काय काय पायजे?

चांगला बॉटल जॅक, त्याच्याखाली टाकायला जाड फळी, एक्सलखाली द्यायला सागाचे किंवा बाभळीचे पक्के ठोकळे, चाकांना लावायला दगड, वॉल्व्हची पिन काढायची चावी, एक पाना, पिन ठेवायला वाटी, चार-पाच हात बारीक नळी आणि पाणी धरायला ड्रम किंवा बादल्या. विटा ठोकळे म्हणून लावू नका, वीट कधी फुटेल ते सांगता येत नाही.

मंग काढाचं कसं, पयल्यापासून सांगा.

जागा आधी पहा. वावरात नको, गोठ्याच्या मागच्या भुसभुशीत जागेतही नको, सिमेंटचा ओटा किंवा मुरमाचं घट्ट अंगण पायजे. ट्रॉली, नांगर, जे मागं असेल ते सोडून टाका. आता ट्रॅक्टर बोटबोट पुढं घेऊन ज्या टायरातलं पाणी काढायचं त्याचा वॉल्व्ह बरोबर खाली आणा, मग इंजिन बंद, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा.

जॅक मागच्या एक्सलच्या हाउसिंगखाली लावायचा, मिस्त्री लोक त्याला ट्रम्पेट म्हणतात. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटेल एवढंच उचला, जास्त नको. उचलल्याबरोबर ठोकळे रचून वजन ठोकळ्यावर घ्या. जॅकवर ट्रॅक्टर ठेवून काम करायचंच नाही.

इथं माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. पहिल्या वेळी मी जॅक बोअरच्या जवळ लावला होता. एप्रिलचं ऊन, वरून माती दगडासारखी, पण खाली पाझर होता आणि फळीही टाकली नव्हती. पाणी अर्धं निघालं आणि जॅक हळूच कलायला लागला, करकर असा बारीक आवाज आला. भावानं पाच मिनिटं आधीच एक्सलखाली बाभळीचा ठोकळा सरकवला होता, सगळं वजन त्या ठोकळ्यावर जाऊन बसलं. माझा हात तेव्हा टायरच्या खाली, पिनेपाशी होता. त्या ठोकळ्यामुळं तो हात आज आहे, म्हणून हे एवढं लांबवून सांगतो.

आता पाणी. बाजूला बसा, वॉल्व्हच्या समोर नको. आधी पिन न खोलता फक्त दाबून धरा, पाणी जोरात फवारेल, दोन-चार मिनिटं तसंच जाऊ द्या म्हणजे आतला दाब उतरतो. मग चावीनं पिन खोला, फडकं धरून, कारण दाब राहिला असेल तर पिन बंदुकीच्या छऱ्यासारखी उडते आणि मग गवतात शोधत बसा. ट्रॅक्टरच्या टायरला बहुतेक हवा-पाण्याचा वॉल्व्ह असतो, त्यात पिन ज्या पितळी नळीत बसते ती नळीसुद्धा पान्यानं खोलता येते, ती काढली की भोक मोठं होतं आणि धार चांगली जाड पडते. पिन आणि नळी वाटीत ठेवा.

अर्धा-पाऊण तास, कधी तासभर लागतो. मधेच धार थांबली तर पाणी संपलं असं समजू नका. ट्यूबचं रबर आतून येऊन वॉल्व्हच्या तोंडाला चिकटतं. पंपानं थोडी हवा मारा, रबर मागं सरकतं आणि पाणी पुन्हा सुरू होतं.

पाणी थांबलं पण टायर अजून जडच लागते, काहून?

कारण वॉल्व्ह रिमला असतो आणि रिमच्या खाली टायरचा पोटाचा भाग उरतोच, त्यातलं पाणी आपोआप वर चढून बाहेर येणार नाही. टायर तीन चतुर्थांश भरलेला असेल तर असं वाहून दोन हिस्से निघतात आणि तिसरा हिस्सा आतच राहतो. म्हणजे दोनशेतले साठ-सत्तर लिटर अजून आत.

नुसतं वजन कमी करायचं असेल तर तेवढं राहिलं तरी काही बिघडत नाही. पूर्ण काढायचं असेल तर दोन रस्ते. एक, हवेनं ढकलून, ते पुढं सांगतो. दुसरा, पंक्चरवाल्याकडून टायरची एक कड टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, उतरवून ट्यूबच बाहेर ओढायची आणि उलटी करून रिकामी करायची. जुन्या टायरला मला दुसराच रस्ता पसंत आहे कारण त्यात रिमची आतली बाजू डोळ्यांनी दिसते. काही जण जॅक खाली सोडून ट्रॅक्टरच्या वजनानं टायर चेपवतात आणि उरलेलं पाणी पिळून काढतात. नव्या टायरला कदाचित चालून जाईल, पण भेगाळलेल्या टायरची कड रिमखाली चेंबली की आतले धागे तुटतात आणि तो टायर मग हवेवरही धड राहत नाही.

कम्प्रेसरची हवा मारून सगळं फेकता येते का?

येतं, पण त्यासाठी आत बारीक नळी जाणारं नोझल पायजे. नळी वॉल्व्हमधून खाली तळाला टेकते, बाजूनं हवा आत जाते आणि पाणी नळीतून वर येतं. मोठ्या टायरवाल्याकडं हे असतं, चौकातल्या प्रत्येकाकडं नसतं. हवा हळू सोडायची. टायरच्या कडेवर जो दाब लिहिलेला आहे त्याच्या वर कधीच जायचं नाही आणि जुन्या टायरात मी पंधरा-सोळा पीएसआयच्या पुढं जाऊच देत नाही. ट्रकच्या टायरला हवा भरणारा माणूस सवयीनं कम्प्रेसर लावून चहा प्यायला जातो, तसं करू देऊ नका, तिथंच उभं राहा आणि लेकराबाळांना लांब ठेवा.

पाण्यासकट चाक खोललं तं?

नका खोलू. रिम, टायर, पाणी मिळून तीन क्विंटलच्या वर जातं आणि आतलं पाणी डुलतं, चाक सरळ उभं राहत नाही. एकदा कलंडलं की चार माणसांना धरून थांबत नाही. चाक ट्रॅक्टरला बोल्टनं घट्ट असतानाच पाणी काढायचं.

एकाच टायरातलं काढलं तं चालते?

नाही. दोन्हीतलं काढा, सारखंच काढा.

काढलेलं पाणी कुठं सोडाचं?

साधं गोडं पाणी असेल तर धुऱ्यावरच्या झाडाला घाला, उन्हाळ्यात दोनशे लिटर पाणी वाया घालवायचं कारण नाही. थोडं तांबडं असलं तरी झाडाला काही होत नाही. खारं निघालं तर वावरात नको, विहिरीजवळ नको, खारपाणात आधीच जमिनीत मीठ आहे त्यात आपण भर कशाला घालायची. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी पडतं तिथलं गवतही जळतं.

कूलंटचा संशय असेल तर ते पाणी ड्रममध्ये झाकून ठेवा, जमिनीवर एक थेंब सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं, ढोरं आणि कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. बैलाच्या गव्हाणीजवळ तर हे काम करूच नका. बादल्या नंतर घासून धुवा, त्याच बादलीनं ढोराला पाणी पाजायची आपली सवय असते.

रिम आतून गंजली हाये, वेल्डिंग करून घेऊ का?

आधी तारेच्या ब्रशनं पापुद्रे काढा आणि बारीक हातोडीनं ठोकून पहा. आवाज खणखणीत असेल तर घासून, रेड ऑक्साइड मारून, वाळवून वापरा. वॉल्व्हच्या भोकाभोवती जास्त गंज असतो, तिथं नीट पहा, धार राहिली तर नवीन ट्यूबचा वॉल्व्ह आठ दिवसात कापला जातो. ठोकताना पत्रा आत बसला किंवा भोक पडलं तर रिम बदला.

वेल्डिंगचं एकच सांगतो आणि हे प्रत्येकानं ऐका. टायर रिमवर चढलेला असताना रिमला वेल्डिंग किंवा गॅस लावायचा नाही, हवा सोडलेली असली तरी नाही. उष्णतेनं आतलं रबर तापून त्यातून पेटणारा वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. वेल्डिंगवाला म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे, टायर कशाला उतरवता. उतरवायला लावा, नाहीतर काम करू नका.

ट्यूब परत वापरता येते का?

पाण्यात बुडवून बुडबुडे पहा. वॉल्व्हच्या बुडाशी रबर सुटलेलं नसेल, घडीवर चिरा नसतील तर येते. टायरच्या आत वाळू, गंजाचे कण, जुना पाझर राहतो तो कोरड्या फडक्यानं पुसा, पावडर मारा, मग ट्यूब घाला. टायरच्या भेगातून आतले धागे दिसत असतील तर नुसत्या हवेवर फार दिवस काढू नका. पाणी काढल्यावर हवा ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या मापानं पुन्हा भरा. पुष्कळ जण इथंच चुकतात, पाणी गेल्यावर टायर जरा बसकट दिसतो म्हणून टणक होईपर्यंत हवा मारतात.

पाणी काढल्यावर नांगर ओढन का?

मोजून पहा, अंदाजावर भांडू नका. टायरवर खडूनं खूण करा. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि तेवढं अंतर पावलांनी किंवा दोरीनं मोजा. मग नांगर लावून त्याच वावरात पुन्हा दहा फेरे. पहिलं अंतर शंभर हात आणि दुसरं पंच्याऐंशी-नव्वद हात आलं तर चाक दहा-पंधरा टक्के घसरतं, एवढं चालतं, तेवढं घसरायलाच पायजे. सत्तर-पंच्याहत्तर आलं तर वजन कमी पडतंय. चाकोरीतही दिसतं, गुड्ड्यांचा ठसा पार पुसून गेलेला असेल तर वजन कमी आणि साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ उमटला असेल तर वजन जास्त.

कमी पडलं तर लोखंडी वजनं चाकाला लावता येतात, काम झालं की दोन माणसं उतरवून ठेवतात. महाग पडतात, पण गंज नाही, पाण्याची भानगड नाही. नुसतं रोटाव्हेटर, पेरणी आणि फवारणीच असेल तर बहुतेक वेळा काहीच लावावं लागत नाही.

कापसाच्या ट्रॉलीसाठी काढू का?

सपाट रोडवर जिनिंगपर्यंत जायचं असेल तर काढलेलं बरं. पण मेळघाटाकडं, घाटउताराचा रस्ता असेल आणि ट्रॉली जड भरत असाल तर सगळं काढू नका. उतारावर ट्रॉली मागून ढकलते तेव्हा ब्रेक लागायला मागच्या चाकावर वजन लागतं. आणि चढावर पुढचं तोंड उचलत असेल तर मागच्या पाण्याचा तिथं उपयोग नाही, पुढं वजन लावा.

आमच्याकडं धान हाये, चिखलणीले पाणी ठेवाव का काढाव?

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, बांधीत (धानाच्या वावरात) चिखलणी करायची असेल तर काढून टाका आणि लोखंडी केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखं चाक, लावा. चिखलात वजनानं पकड वाढत नाही, ट्रॅक्टर बुडतो.

पुढच्या उन्हाळ्यात परत भराचं असलं तं?

वॉल्व्ह वर, आकाशाकडं ठेवून भरा आणि वॉल्व्हमधून पाणी यायला लागलं की थांबा. हेच ते तीन चतुर्थांशाचं माप, वरचा पाव हिस्सा हवेला लागतो, तो नसेल तर दगडावरचा प्रत्येक दणका टायर आणि एक्सल खातो. हवाही वॉल्व्ह वर ठेवूनच मोजा, खाली ठेवून मोजली तर पाण्याच्या वजनानं काटा जास्त दाखवतो आणि साध्या गेजमध्ये पाणी शिरून तो बिघडतो. खारपाणात असाल तर बोअरचं नको, तळ्याचं किंवा पावसाचं साठवलेलं गोडं पाणी आणा, दोन ड्रमचाच प्रश्न आहे. आणि भरल्यावर मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवा, कोणतं पाणी, किती, कोणत्या महिन्यात. माझ्या ट्रॅक्टरवर डाव्या मडगार्डला लिहिलं आहे, "गोडं पाणी, मार्च", आणि खाली काढल्याचा महिना लिहायला जागा सोडली आहे.